पहिले लोखंड

मन्मथचा हात सवयीने कमरेकडे गेला आणि रिकामाच परत आला. किल्ल्यांचा जुडगा तिथे नव्हता. सकाळी लिंगपूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून तो बाहेर आला, त्याच वेळी आईने हात पुढे केला होता. आणि चाकूरच्या बाजारात लोखंडी सामानाचे दुकान चालवणाऱ्या, लेक सासरी नांदत असलेल्या त्या गृहस्थाने निमूटपणे जुडगा सोडून तिच्या तळहातावर ठेवला होता. आता तो जुडगा माजघराच्या कोपऱ्यात विळी, खुरपी, उलथने, सांडशी आणि सर्वांच्या तळाशी पालथा घातलेला तवा यांच्या संगतीत एका जुन्या घोंगडीखाली पडून होता. घरातले सगळे लोखंड आज निजले होते. आज नागपंचमी होती.

मन्मथची आई, नागुबाई, पंचमीलाच जन्मली होती. नाव त्यावरूनच पडले होते, आणि हा दिवस तिने जन्मभर एखाद्या जवळच्या नातलगासारखा सांभाळला होता. तवा म्हणजे नागाचा फणा; तो आज विस्तवावर चढायचा नाही. काही चिरायचे नाही, कापायचे नाही, भाजायचे नाही. उकडलेले खावे, नाहीतर आदल्या संध्याकाळी करून दुरडीत झाकून ठेवलेल्या भाकरी खाव्यात. आणि जमिनीत लोखंड घालायचे नाही, कारण भुईच्या पोटात ज्याचे घर आहे तो आज घरी असतो. सारे गाव हे पाळत असे. मन्मथही पाळत असे, पण वाद घालून. मिसरूड फुटले तेव्हापासून दर पंचमीला तो आईपुढे एक नवा मुद्दा मांडी.

“मग बैलगाडीच्या चाकावरची धाव लोखंडाचीच हाय की. ती कशी चालती?”

“ती भुईवरनं जाती. भुईत जात न्हाई.”

अशा एकेका वाक्यात तो दरसाल हरत आला होता.

आज मात्र वाद घालायलाही त्याचे मन ठिकाणावर नव्हते. ओसरीवरून अंगणात आणि अंगणातून ओसरीवर अशा त्याच्या येरझारा चालल्या होत्या. दुष्काळाने कुणाची भूक नेली होती, कुणाची झोप. मन्मथची बैठक नेली होती. श्रावण लागला तरी आभाळ धुतल्यासारखे कोरडे होते. पाऊस नसला की लोखंडसुद्धा आपले घर बदलते, हे तो या दोन वर्षांत शिकला होता. दुकानात नांगराचे फाळ आणि कुळवाच्या लोखंडी पासा गंजून तांबड्या झाल्या होत्या; उलट जुने फाळ, जुन्या धावा लोक मोडीत घालायला घेऊन येत. माल आणायला तो लातूरला जाई तेव्हा वाटेत सळयांनी भरलेल्या मालमोटारी त्याला ओलांडून पुढे जात. जिल्हा नवा झाला होता, आणि नव्या जिल्ह्याला कचेऱ्या, बंगले, पाण्याच्या टाक्या, सगळेच एकदम हवे होते. शेतातून उठलेले लोखंड भिंतींत जाऊन बसत होते. मन्मथने त्या नव्या कचेऱ्यांचे उंबरेही झिजवले होते. गावाला एक बोअर हवी होती. पूर्वी त्यासाठी उस्मानाबादला जावे लागे आणि साहेब भेटत नसत. आता लातूरला साहेब भेटत, पण गावाचे कागद जुन्या जिल्ह्यातून यायलाच महिने गेले होते.

आणि घरात शिवकांता होती. त्याची एकुलती एक लेक, उदगीरहून पंचमीला माहेरी आलेली आणि आता बाळंतपणालाच राहणार असलेली. दोनदा तिची कूस मध्येच रिकामी झाली होती. या खेपेला आठवा महिना लागला होता. लातूरच्या डॉक्टरांनी तिच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या होत्या, मान हलवली होती आणि गोळ्या लिहून दिल्या होत्या.

ओढ्याच्या अंगाने घरघर ऐकू आली. टँकरची नव्हे, त्याहून जड, खोल. मन्मथ अंगणातच थबकला आणि पायांत वहाणा न घालताच निघाला.

कोरड्या ओढ्याच्या काठी, जिथे महिन्यामागे चुन्याची फुली मारून माणसे निघून गेली होती, तिथे बोअरची गाडी येऊन उभी राहिली होती. तिच्या पाठीवर लोखंडी मनोरा आडवा निजला होता, आणि मागे कॉम्प्रेसरचा दुसरा ट्रक होता. वारुळाला दूध-लाह्या वाहून परतणाऱ्या बाया हातांतल्या ताटांसकट तिथेच खिळल्या होत्या. यंत्रावरचा मुख्य माणूस, नांदेडचा नजीर, खाली उडी टाकून पुढे आला. डोक्यापासून पायापर्यंत तो दगडाच्या भुकटीने राखाडी झाला होता.

“सलाम अप्पा. तुमचा नंबर लागला.”

“आज?”

“देवणीकडचं काम लवकर उरकलं. उद्या सकाळी अहमदपूरच्या पुढं उभं राहायचं हाय. मधला दिवस तुमच्या नशिबाचा.”

“आन आज न्हाई जमलं तर?”

“तर मग यादीत खाली. दिवाळी म्हणा, दिवाळीनंतर म्हणा. आमाला कोण सांगून राहिलं?” नजीरने डोक्याचा रुमाल सोडून झटकला. “अजून एक, मालक. पोटाचं बघा काहीतरी. तिघं पहाटेपासनं चहावर हाव.”

“आज ताजी भाकर न्हाई मिळायची,” धोंडाबाई म्हणाली. ती मन्मथची शेजारीण. गावातल्या कोणत्याही प्रसंगी तिचे बोलणे सर्वांच्या आधी पोहोचत असे. “कालची मिळंल. न्हाईतर लाह्या.”

“कालची चालती की मावशी. दात हायत. पण लाह्यांवर माझं यंत्र चालायचं न्हाई.”

“न्हाई चालत तर ऱ्हाऊ दे उभं. आज उभं ऱ्हायचाच दिवस हाय.”

बाया हसल्या, आणि हसता हसता त्यांची नजर यंत्राच्या टोकाला लावलेल्या पोलादी दातांवर गेली, तशी एकेक करून गप्प झाल्या.

तोवर हणमंतराव आले. गावचे वयोवृद्ध, कधीकाळचे पोलीस पाटील. माणसे दोन्ही बाजूंना सरकली. गावाला पाणी हवे होते, हे कुणी वेगळे सांगायची गरज नव्हती. पलीकडच्या विहिरीत टँकरने सकाळी ओतलेले पाणी बायांनी घागरी घासून उपसले होते आणि तळाचा गाळ उघडा पडला होता. यंत्र परत जावे असे तिथल्या एकालाही वाटत नव्हते. मात्र ‘सुरू कर’ हे दोन शब्द कुणीच उच्चारत नव्हते. जो तो मन्मथकडे पाहत होता.

“तुमी बोला अप्पा. तुमीच तर आणली गाडी,” गर्दीतून कुणीतरी म्हणाले.

“मी आणली, पण गावासाठी ना? गावानं बोलावं.”

“गाव कसं बोलंल?” हणमंतराव शांतपणे म्हणाले. “मन्मथा, रीत तुला ठाऊक हाय. पंचमीला ज्याच्या हुकमाचं लोखंड पयलं पडतं, दोष त्याच्या माथी. त्याच्या मागनं कुणी कायबी करा, त्याला दोष न्हाई. दिवस एकदा मोडला की मोडला.”

“माझ्या माथी घाला की,” नजीर म्हणाला. “मी तर तुमच्या हिशोबात येतच न्हाई.”

“यंत्र तुझं. हुकूम अप्पाचा.”

“ठीक हाय,” मन्मथ म्हणाला. कपाळावरच्या विभूतीतून घामाचा ओघळ उतरत होता. तो त्याने पुसला नाही. “माझ्या माथी. मी सांगतो–”

“तुज्या माथी येऊन थांबतंय का ते?” धोंडाबाईने हातातले ताट खाली ठेवले. या वेळी तिच्या आवाजात टोमणा नव्हता. “तू घरचा कर्ता. कर्त्याच्या माथी म्हंजी घराच्या माथी. आन घरात कोन बसलंय, ते मी सांगू का?”

मन्मथ वळला आणि घराकडे चालू लागला. नजीर मागून ओरडला, “अप्पा, दुपार टळायच्या आत सांगा! सुरू केलं तर अंधाराच्या आधी उरकायला पायजे!”

माजघरात शिवकांता भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. बापाला पाहताच तिने मूठ पदराखाली घेतली. बोटांना तांबूस माती लागलेली होती, आणि डोक्यामागे भिंतीचा पोपडा ताजा उचकटलेला दिसत होता.

“मातीच खाती दिवसभर,” दानम्मा, त्याची बायको, म्हणाली. “किती सांगावं!”

नागुबाई ज्वारीच्या लाह्या निवडत होती. मन्मथ तिच्यासमोर बसला, लगेच उठला, खांबाला टेकून उभा राहिला.

“अव्वा, बोअरची गाडी आलीया.”

“ऐकलं. आज पंचमी हाय.”

“पंचांगात तिथी दुपारीच संपती.”

“दिवस कोणत्या तिथीला उगवला?”

“पंचमीला.”

“मग उद्या उगवंपतूर पंचमी.”

“बरं, तसं धर. पण तू लोखंड झाकून झाकून किती झाकशील?” आता त्याला धार चढली. वर्षानुवर्षे दुकानात बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारून, मिळेल तो चिटोरा वाचून साठवलेले सारे एकदम वर आले. “देवणीकडं जमीन तांबडी हाय, ती लोखंडानंच तांबडी. ज्वारीत लोखंड, भाजीत लोखंड. आपल्या रगताला रंग कशाचा? लोखंडाचा! डॉक्टरनं हिला गोळ्या दिल्या त्या कशाच्या? लोखंडाच्याच. भुईत हाय, मानसात हाय, मग आजच्या एका दिवशी–”

नागुबाईने सूप बाजूला ठेवले. शिवकांताच्या उशाशी गोळ्यांची पुडी होती, ती उचलली. कोपऱ्यातल्या घोंगडीचा काठ वर केला आणि पुडी आत सरकवून दिली.

“मग आज गोळी नगं,” ती म्हणाली.

शिवकांता हसली, हसताना दम लागून पोटावर हात ठेवून थांबली. मन्मथला हसू आले नाही. त्याने हात कमरेकडे नेला, काढला.

“तू भुईच्या पोटात लोखंड घालणार,” नागुबाई खालच्या आवाजात म्हणाली, “आन घरात पोटुशी लेक बसलीया. तुला भ्या वाटत न्हाई?”

“वाटतंय.”

उत्तर त्याच्या तोंडून नकळत निघून गेले होते. जन्मभरच्या वादांत त्याने आईला कधी अशी सरळ कबुली दिली नव्हती.

“पण अव्वा,” तो म्हणाला, “बिनपाण्याच्या बाळंतपणाचंबी भ्या वाटतंय. टँकर आला तर आला. त्या गढूळ पाण्यानं हिला न्हाऊ घालणार तू? त्या बाळाला?”

बाहेर कुणाच्या तरी अंगणात मुली झोक्यावर गात होत्या. नागुबाईने पुन्हा सूप मांडीवर घेतले, पण लाह्यांना हात लावला नाही.

“ती मानसं जेवली का?”

“न्हाई. जेवतील नंतर. आपल्या दुरडीतल्या देता येतील.”

“हणमंतराव काय म्हनला? दोष कुनाच्या माथी?”

“माझ्या. ज्याच्या हुकमाचं पयलं लोखंड, त्याच्या. मागनं करणाऱ्याला न्हाई.”

“आन तू कर्ता.”

“हाव.”

तिने मान हलवली. एखादा ठाऊक असलेला भाव पुन्हा विचारून खात्री करून घ्यावी तशी.

मन्मथ थोडा वेळ अंगणात फिरला. गोठ्यापर्यंत गेला, परत आला. रिकाम्या रांजणात डोकावला. मग ओढ्याची वाट धरली, आणि अर्ध्या वाटेवर त्याचा निश्चय झाला. दोनदा पांढऱ्या फटक चेहऱ्याने खाटेवर पडलेली शिवकांता त्याने पाहिली होती. तिसऱ्यांदा, आणि आपल्या हुकमामुळे, असे त्याला सोसणार नव्हते. तसे झालेच, तरी त्याचा पंचमीशी काही संबंध नसेलही. तसे तो कुणाशीही वाद घालून सिद्ध करू शकला असता. पण पुढे उरलेला जन्म स्वतःशी काय वाद घालणार?

“गाडी वळव,” तो नजीरला म्हणाला.

जमलेल्या माणसांतून एक दीर्घ सुस्कारा गेला. विरोध कुणी केला नाही, आणि दिलासाही कुणाच्या तोंडावर दिसला नाही. एक म्हातारी रिकामी घागर काखेतून काढून डोक्यावर पालथी घेऊन चालू लागली.

“पक्कं?” नजीरने विचारले.

“पक्कं.”

नजीरने गड्यांना हाक दिली. गाडीचे टेकू एकेक करून वर उचलले जाऊ लागले. चुन्याच्या फुलीवर चाकाची सावली आली.

तेवढ्यात वारा फिरला. प्रथम ते कुणाच्या ध्यानात आले नाही. मग एकाने मान वर केली, मग दुसऱ्याने. भाकरीचा वास होता. शिळ्या भाकरीला वास नसतो. हा तव्यावर पापुद्रा सुटतानाचा, ज्वारी भाजल्याचा वास होता. रोज साऱ्या गावावर पसरणारा आणि म्हणूनच कधी न जाणवणारा. आज तो एकट्याने, उघडाच चालत आला होता.

गावाच्या बाजूने धोंडाबाई लगबगीने आली. धाप लागली होती.

“नागुबाईनं तवा ठिवला.”

“घरात?” हणमंतरावांनी विचारले.

“न्हाई. अंगणाच्या भाईर. वाटंच्या कडंला, तीन दगडांवर.”

हणमंतरावांनी खांद्यावरचे उपरणे काढले, झटकले, पुन्हा नीट घडी घालून खांद्यावर ठेवले.

“टेकू खाली घे, नजीर,” ते म्हणाले. “सुरू कर. आता तुझं लोखंड दुसरं.”

नजीरने मन्मथकडे पाहिले. मन्मथ हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. तो चालू लागला होता, आणि बांध ओलांडल्यावर तो प्रौढ माणूस अनवाणी धावू लागला. मागे कॉम्प्रेसर गरजला. मग पहिला घाव बसला. तो त्याला कानांआधी तळपायांत कळला.

अंगणाच्या कवाडाबाहेर, वाटेच्या धुळीत, नागुबाई बसली होती. तीन दगड, तुराट्यांचा जाळ, त्यावर तवा. तिचे हात पिठाने पांढरे होते. दोन भाकरी शेजारच्या परातीत निवत होत्या, तिसरी तव्यावर होती. आणि एक वेगळी, पळसाच्या पानावर, तिच्या गुडघ्याजवळ. कवाडाच्या आत दानम्मा तोंडाला पदर लावून उभी होती. उंबऱ्याबाहेर यायला म्हातारीने तिला मनाई केली असावी.

मन्मथने आत नजर टाकली. दुरडीवरचे फडके अर्धवट सरकलेले होते. कालच्या भाकरी तशाच, एकीवर एक, चवड मोडलेली नव्हती.

“कालच्या हुत्या की अव्वा.”

“शिळ्या हायत.”

“नजीरला शिळ्या चालत हुत्या. समद्यांपुढं म्हनला त्यो.”

“कामाची मानसं. ताजी लागती.” तिने भाकरीवर पाण्याचा हात फिरवला. तवा चुरचुरला.

“आन भाईर का बसलीस? धुळीत?”

“धूर हुतो घरात. पोरीला सोसत न्हाई.”

प्रत्येक उत्तरात चूक होती. घराला धुराडे होते. शिवकांता लहानपणापासून चुलीशेजारीच वाढली होती. एरवी त्याने एकेक उत्तर हातात घेऊन, उलटेपालटे करून, त्यातले छिद्र दाखवून दिले असते. तो उकिडवा बसला. ओढ्याकडून घावांचा आवाज एका लयीत येत होता आणि परातीतल्या पिठाला त्याचा बारीक कंप जाणवत होता.

“अव्वा,” तो म्हणाला.

“कर्ता तू हायस,” ती तव्यावरून नजर न काढता म्हणाली. “मी न्हाई.”

त्याचा हात पळसाच्या पानाकडे गेला. तिने न पाहताच पान ओढून पदराआड घेतले.

“ती माझी.”

हात रिकामाच परत आला.

“दानम्मा,” नागुबाईने आवाज दिला, “पोरीला गोळी दे. सुटलं लोखंड आता. आन ह्याच्या किल्ल्याबी काढून दे, सकाळपासनं कंबर चाचपतोय.”

दानम्माने आतून जुडगा आणून उंबऱ्यावर ठेवला. तो उन्हात चमकत पडून राहिला. मन्मथने तिकडे पाहिलेही नाही.

शेवटची भाकर उतरवून नागुबाईने जाळ मागे ओढला. पदराआडचे पान पुढे घेतले, भाकरीचा तुकडा मोडला, मिठाचा खडा लावला आणि तोंडात घातला. दात थोडेच राहिले होते. ती सावकाश, एका बाजूने चावत राहिली. मग थांबली. घास घशात अडकला होता.

“पाणी,” तिने खुणेनेच सांगितले.

मन्मथ आत गेला. घागर जवळजवळ आडवी करावी लागली तेव्हा तांब्याच्या तळाशी चार घोट जमले. तो बाहेर येऊन पुन्हा तिच्यासमोर, धुळीत, मांडी घालून बसला.

त्याच वेळी ओढ्याच्या बाजूने एकदम आरडाओरड उठली. बाया, माणसे, नजीरचा आवाज, सगळे मिसळून. कवाडात दानम्मा टाचा उंचावून पाहू लागली. शिवकांता भिंतीला धरून उठून उभी राहिली. काय झाले ते इथून कळत नव्हते. ओरडणे पाण्याचे होते की आणखी कशाचे, तेही ओळखू येत नव्हते.

“जा की,” नागुबाई अडकलेल्या घासानिशीच पुटपुटली. “बघ जा.”

मन्मथ हलला नाही. त्याने तांब्या तिच्या ओठांना लावला आणि घास खाली उतरेपर्यंत तसाच धरून ठेवला.